गठ्ठे काय म्हणतात?

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असंही वाचता येईल, असं त्या पुस्तकानं सुचवलं होतं. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत राहिल्या, पण वाद शब्दांपाशीच अडकला. पहिलीच्या वर्गात मुलांचे हात रोज काय करतात, हे त्यात फारसं आलंच नाही.

पहिलीत दशक शिकवतात ते काड्यांनी. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा तयार. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. तूर निघाली की तुराट्या घरोघरी पडलेल्या असतात. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी मांडली की मुलाला दिसतं ते वीस आणि एक. पाटीवरही आधी २, मग १. तोंडानं म्हणताना मात्र क्रम उलटतो: एकवीस. एकोणतीसला तर आणखी पंचाईत. समोर दोन गठ्ठे आणि नऊ काड्या, आणि नावात तीस! म्हणजे 'वीस एक' ही पुस्तकानं आणलेली नवी टूम नव्हती. गठ्ठे जे आधीपासून म्हणत होते, तेच पुस्तकानं छापलं.

'हे मराठीच नाही' हा आक्षेपही मला टिकणारा वाटत नाही. खेड्यांतली जुनी माणसं विसांनी मोजत आली आहेत. त्यांच्या 'दोन इसा न् पाच'मध्ये मोठं आधी येतं, सुटं नंतर. ही मोजणी शाळेतली नाही, पण मराठीच आहे. शेजारच्या कन्नड-तेलुगूतही दशक आधी येतो. बाजारात, एसटीत 'एकवीस'च चालतं, हे खरं. म्हणून तर पुस्तकानं ते काढलं नव्हतं. दोन्ही नावं शेजारी ठेवली होती.

मी सॉफ्टवेअर लिहितो. संगणकात संख्येचा लहान भाग आधी साठवायचा की मोठा, याच्या दोन्ही पद्धती चालतात. दोन यंत्रांचा क्रम जुळला नाही तर आम्ही जोडणी तपासतो. यंत्राला मठ्ठ म्हणत नाही. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलाला मात्र आपण कच्चं ठरवून मोकळे होतो. खरं तर त्यानं ऐकलं तसंच लिहिलेलं असतं.

माझी तक्रार वेगळी आहे. ही सुधारणा चांगली असूनही अर्ध्यावर थांबली, कारण मराठी घरातून आलेलं मूलच तिनं डोळ्यांपुढे ठेवलं. याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी कुटुंबं आहेत. ही भाषा कोणत्याही भाषाकुळात बसत नाही. बोलणारे उरलेत दोन-अडीच हजारांच्या आसपास. तिच्यातले दोन, तीन, चार यांचे शब्द द्रविड वळणाचे आहेत. त्या घरातल्या मुलाला 'एकवीस' परकं आणि 'वीस एक'ही परकंच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असं राज्यघटनेचं कलम ३५० क सांगतं. कोणत्या नावानं मराठी वाचेल की बुडेल, यावर भांडणाऱ्या आपल्याला या मुलाची आठवण झाली नाही.

यासाठी नवं पुस्तक छापायची वाट पाहायला नको. गठ्ठा समोर ठेवला की मुलाला आधी विचारावं: तुझ्या घरी याला काय म्हणतात? तो शब्द फळ्यावर लिहावा. त्याच्याखाली 'वीस एक', त्याच्याखाली 'एकवीस'. तीन नावं, संख्या एकच. एवढं उमगलं की पुढे बाजार मुलाला 'एकवीस' शिकवल्याशिवाय राहत नाही. उमगलंच नाही, तर शंभरापर्यंतची घोकंपट्टी म्हणजे नुसता आवाज. आणि तो सर्वांत मोठ्यानं तेच मूल काढतं, ज्याला त्यातलं काहीच कळलेलं नसतं.