मुद्रणविषयक परिभाषेचे भाषांतर : एक चिकित्सा

पारिभाषिक संज्ञेचे भाषांतर करताना शब्दाचा अर्थ पाहावा की त्या शब्दाने दर्शविलेली क्रिया पाहावी, हा प्रश्न मुद्रणव्यवसायाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. स्पॅनिशमधील ‘गालेरा’ म्हणजे जहाज, तसेच जुळविलेला मजकूर ठेवण्याचे तबकही. इंग्रजी ‘गॅली’चेही तसेच आहे. मराठी छापखान्यांनी ‘गॅली’ जशीच्या तशी स्वीकारली. तिच्यातील जहाज मराठीत आले नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

सांगली-सातारा परिसरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. मिरज येथे १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्या तंत्रात सुटी अक्षरे नव्हती, म्हणून ‘खिळा’ आणि ‘जुळणी’ या संज्ञांची गरजही नव्हती. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत पंचांग छापले, ते शिळेवर. सुट्या धातूच्या अक्षरांबरोबर ‘खिळे’ रूढ झाले. येथे साधन आधी आले आणि संज्ञा मागून आली. याउलट वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये, तर पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक लेखकांच्या नोंदींत एकरूपता राखण्यासाठी संज्ञा आधी निश्चित करणे तेथे अपरिहार्य होते.

मात्र व्यवसायातील संज्ञांचे आयुष्य कोशावर अवलंबून नसते. धातूची अक्षरे गेली आणि ‘खिळा’ हा शब्दही व्यवहारातून मागे पडला. ‘अक्षरजुळणी’ मात्र संगणकयुगातही मराठी पुस्तकांच्या श्रेयपृष्ठावर टिकून आहे. पहिली संज्ञा वस्तूला बांधलेली होती, दुसरी कार्याला. ‘ऑफसेट’मध्ये शाई पत्र्यावरून रबरी आवरणावर आणि तेथून कागदावर उतरते. ही क्रिया न सांगता केवळ संस्कृत प्रतिशब्द घडविल्यास तो विद्यार्थ्याला आणि कारागिराला सारखाच परका राहतो.

त्यामुळे कार्यवाचक संज्ञेला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व नव्या तंत्रापुरते ग्राह्य ठरते. जुन्या मजकुराच्या भाषांतरात मात्र ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील मुद्रणाचे वर्णन करताना ‘खिळ्या’च्या जागी संगणकावरचा ‘फाँट’ योजल्यास धातूचे वजन, ओतकाम आणि जुळाऱ्याचे श्रम वाक्यातून नाहीसे होतात. परिभाषेची एकरूपता राखताना तंत्राचा काळ पुसला जाणार नाही, हे पाहणे भाषांतरकाराचे आणि महाविद्यालयीन अध्यापकाचेही कर्तव्य ठरते.