माह-लका बाई चंदा : एका प्रसिद्ध चरित्राची छाननी

हैदराबादच्या निजामअलीच्या दरबारांतील गायिका, नर्तकी व कवयित्री माह-लका बाई ऊर्फ चंदा (१७६८–१८२४) हिच्याविषयीं अलीकडे जें लेखन प्रसिद्ध होतें, त्याचा आरंभ बहुधा एकाच विधानानें होतो. उर्दू भाषेंत स्वतःचा दीवान सिद्ध करणारी ती पहिली स्त्री होय, असें तें विधान. कित्येक वर्षें आम्हीही तें खरें मानून चाललों होतों. परंतु त्याच हैदराबादेंतील लुत्फुन्निसा ‘इम्तियाज’ या कवयित्रीचा दीवान १२१२ हिजरीचा व चंदाचा १२१३ चा, हें उर्दूच्या अभ्यासकांनीं दाखवून दिल्यावर पहिलेपणाचा मान चंदाकडे राहत नाहीं. इम्तियाज ही असदअलीखान ‘तमन्ना’ या कवीची पत्नी. घरंदाज स्त्रीचें नांव मागें पडावें व नायकिणीचें पुढें यावें, ही गोष्ट नेहमींच्या उलट घडली म्हणून मौजेची आहे.

ज्यांनीं ही चूक सुधारली त्यांतलेही कित्येक ‘इम्तियाजचा दीवान एक वर्ष आधींचा’ असें सरसकट लिहितात. हेंही बरोबर नव्हे. १२१२ हिजरीचा आरंभ १७९७ च्या जून महिन्याच्या अखेरीस होतो व १२१३ चा १७९८ च्या जूनच्या मध्यावर. महिना सोडून नुसतें साल धरिलें तर दोन दीवानांमधील अंतर थोड्या दिवसांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंत कांहींही असूं शकेल. हिजरी सालापुढें इसवी सनाचा एकच आकडा मांडला कीं मुळांत नसलेली निश्चितता लेखांत शिरते. आमच्या मराठी कागदांच्या बाबतींत हा घोटाळा आपण किती वेळां भोगला आहे, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

पहिलेपण गेलें म्हणून चंदाची योग्यता उणावते काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. उलट तिच्याकडे नीट पाहण्यास आतां सवड सांपडते.

चरित्राचा मुख्य आधार म्हणजे गुलाम समदानीखान ‘गौहर’ यांचें ‘हयाते माह-लका’. हें पुस्तक तिच्या मृत्यूनंतर दोन पिढ्या उलटल्यावर झालें, आणि पुढील लेखकांनीं बव्हंशीं त्यावरच भिस्त ठेविली. त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी : चंदाची आई राजकुंवर ही मूळच्या गुजरातेंतील कुटुंबांतली. घरचा कर्ता पुरुष परागंदा झाल्यावर त्या घरच्या मुली भगतांच्या, म्हणजे सोंगें व नाट्य करणाऱ्या फिरत्या मंडळींच्या, आश्रयास गेल्या व तेथें गाणें, नाचणें व अभिनय शिकल्या. राजकुंवरची बहीण महताब ही निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला याच्या घरीं राहिली. तिला मूल नव्हतें, म्हणून तिनें चंदास आपलीशी केली. रुक्नुद्दौल्याचा खून १७७५ सालीं झाला. तेव्हां ही मुलगी सात वर्षांची. अशा घरांत वाढल्यामुळें तिला फारसी, उर्दू, घोडेस्वारी, तिरंदाजी व भालाफेंक हीं सर्व अंगें आलीं. गाण्यांत तिचा गुरु म्हणून खुशहालखान ‘अनूप’ याचें नांव सांगतात. तिनें पुरुषी वेषांत निजामाबरोबर तीन मोहिमा केल्या, तिच्यामागें पांचशें शिपाई चालत, तिच्या पदरीं तीनशें मुली नृत्यगायन शिकत, असेंही सांगतात.

या हकीकतींत खरें किती व भाटगिरी किती? तीनशें, पांचशें असे गोल आकडे दिसले कीं आम्हांस बखरींतल्या फौजा आठवतात. असले आकडे श्रीमंती दाखवावयास असतात, मोजदाद सांगावयास नव्हे. भगतांची गोष्ट मात्र आम्ही सहसा टाकणार नाहीं. वैभवास पोंचलेल्या बाईचा चरित्रकार तिच्यासाठीं खोटें कुळ रचावयाचा तर उंच रचील. फिरत्या सोंगाड्यांचें कशाला रचील? वर्ण्य व्यक्तीस कमीपणा आणणारी माहिती स्तुतिपर ग्रंथांत आली तर ती अधिक विश्वसनीय, हा साक्षीपुराव्याचा साधा नियम येथें लागू पडतो. शिवाय गायन, नृत्य व नाट्य हीं तिन्ही एकाच स्त्रीच्या ठिकाणीं असणें आपल्याकडे जुनेंच आहे. कौटिल्यानें गणिकाध्यक्षाच्या प्रकरणांत गणिकेस सालिना सहस्र पणांचें वेतन सांगून तिला गीत, वाद्य, नृत्य व नाट्य शिकविणाऱ्यांचा खर्च राजानें सोसावा असें म्हटलें आहे. दामोदरगुप्ताच्या ‘कुट्टनीमता’ंत गणिकाच ‘रत्नावली’चा पहिला अंक करून दाखवितात. राजकुंवरच्या बहिणींनीं भगतांकडून घेतलेली विद्या या परंपरेंतीलच होय. तिला आकस्मिक पतन म्हणणारे लेखक ही परंपरा विसरतात.

आतां समकालीन पुरावा. तो थोडा आहे, पण चोख आहे. त्यांत पहिला मान दीवानाच्या हस्तलिखितास. त्याची एक प्रत लंडनला इंडिया ऑफिसच्या संग्रहांत होती, ती आतां ब्रिटिश लायब्ररींत आहे. तिच्यावरील इंग्रजी टिपणावरून ही पोथी ऑक्टोबर १७९९ मध्यें कॅप्टन माल्कम यास खुद्द चंदानें, तिचें नृत्य चालू असतांना, नजर केली असें कळतें. हा माल्कम म्हणजे १८१८ सालीं दुसऱ्या बाजीरावास आठ लक्षांची नेमणूक कबूल करून शरण आणणारा तोच. श्रीरंगपट्टण पडून तेव्हां पुरे सहा महिनेही झाले नव्हते, आणि हैदराबादेंत इंग्रजांचें वजन दिवसेंदिवस वाढत होतें. अशा वेळीं भर सभेंत, बिदागी घेण्याच्या जागीं उभें राहून, पाहुण्याच्या हातांत आपला ग्रंथ ठेवणें ही निवळ लकब नव्हे. नाचणारीनें द्यावयाचें तें नृत्य. हिनें पुस्तक दिलें. आपली ओळख कोणत्या नात्यानें राहावी हें तिनें त्या क्षणीं स्वतः ठरविलें, असें आम्हांस वाटतें. संशोधकाच्या दृष्टीनें तर या प्रतीचें मोल फारच मोठें. दीवान सिद्ध झाल्यावर दीड वर्षाच्या आंतच ती कर्त्रीच्या हातून गेलेली असल्यामुळें तिच्या मृत्यूनंतर छापून निघालेल्या पुस्तकापेक्षां पाठाच्या बाबतींत हिचाच शब्द अखेरचा मानला पाहिजे.

दुसरा पुरावा दगडाचा. हैदराबादेजवळ मौला-अलीच्या टेकडीच्या पायथ्याशीं चंदानें १७९२ सालीं आपल्या आईची कबर व तिच्याभोंवतीं आवार बांधिलें. पुढें ती स्वतःही तेथेंच विसावली. ही जागा बरींच वर्षें मोडकळीस आली होती. २०१० च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या निधीतून तिची दुरुस्ती झाली. चोवीस वर्षांच्या नायकिणीनें आईच्या नांवें उघडपणें एवढें बांधकाम करावें, यावरून तिची ऐपत व दरबारांतील स्थान कळतें. त्यास पांचशें शिपायांची गरज नाहीं. अडिकमेटची जहागीर तिची होती. उस्मानिया विद्यापीठ पुढें तेथेंच उभें राहिलें.

काव्याविषयीं मात्र आमचें मत चालू स्तुतीशीं जुळत नाहीं. दीवानांत सव्वाशें गझला आहेत व गझल पांच शेरांची, असा तिचा बांधा आहे. शेवटच्या शेरांत अलीचें स्मरण येतें. बाग, साकी, आरसा, झुलपें हा उर्दू काव्याचा ठरीव संसार तिच्याही घरीं आहे. नवी वस्तू फारशी नाहीं. सलग वाचतां एकसुरीपणा जाणवतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण मर्यादा स्वतः आंखून घेऊन ती सव्वाशें वेळां पाळणें हें सामान्य शक्तीचें काम नव्हे. पांच या आंकड्याचा संबंध शिया पंथांतील पंचतनाशीं लावणारे अभ्यासक आहेत. स्कॉट कूगल यांनीं २०१६ सालीं औरंगाबादच्या सिराजबरोबर चंदाचा विचार करतांना तिच्या भक्तीकडे जें लक्ष वेधलें तें योग्यच झालें.

आमचा खरा आक्षेप या गझलांतून तिचे प्रणय शोधून काढणाऱ्यांवर आहे. दिवाण मशीरुन्मुल्क, जो खर्ड्याच्या लढाईनंतर दोन वर्षें पुण्यांत अडकून पडला होता, व मीर आलम हे दोघे तिचे चाहते होते अशी प्रसिद्धी आहे. तेवढ्यावरून अमुक शेर याला व अमुक त्याला असें वांटप करणें म्हणजे अमरूच्या श्लोकांसाठीं शंकराचार्यांस राजाच्या देहांत शिरावयास लावण्यासारखेंच होय. गझलेंतील ‘मी’ हा संकेताचा ‘मी’ आहे, आणि बोलणारा बहुधा पुरुष असतो. कवयित्री नायकीण आहे म्हणून तिचा प्रत्येक शब्द आत्मचरित्र, आणि तोच शब्द मीर तकीनें लिहिला तर तत्त्वज्ञान, हा न्याय कुठला?

हें लिहितांना आमची स्वतःची एक चूक कबूल करणें प्राप्त आहे. तरुणपणीं एका जुन्या घराण्याच्या दप्तराची नक्कल करण्याचें काम आम्हांकडे आलें होतें. त्यांत कलावंतिणींस दिलेल्या बिदागीच्या व पोशाखांच्या यादी होत्या. नांवें, रकमा, तिथी, सर्व कांहीं. शाळामास्तराच्या सोंवळेपणानें व ‘यांत राजकारण तें काय’ या समजुतीनें आम्हीं त्या वगळल्या. कांहीं वर्षांनीं तें दप्तर पाण्यानें भिजून गेलें. उतरून घेतलेलीं राजकारणाचीं पत्रें छापील ग्रंथांत आधींच आलेलीं निघालीं. वगळलेल्या यादी मात्र आतां जगांत कोठेंही नाहींत. त्यांत चंदा होती असें आमचें म्हणणें नाहीं. पण चंदासारख्यांचीं चरित्रें गोल आकड्यांवर कां चालतात, याचें एक कारण आमच्याच हातचें आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति. निजामअली व सिकंदरजहा यांच्या काळांतील हैदराबाद दरबाराशीं ज्यांचें येणेंजाणें होतें अशा मराठी घराण्यांचे कागद अजून पुष्कळ ठिकाणीं न उलगडलेले पडून आहेत. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांच्यासारख्यांच्या पत्रव्यवहारांत मेजवान्या, नाच व नजराणे यांचे उल्लेख राजकारणाच्या ओघांत येऊन जातात. ते वाचतांना पान उलटूं नये. चंदा, चंदाबाई, माहलका, माहालखाबाई, अशा कोणत्याही रूपांत नांव आढळल्यास रक्कम, प्रसंग व मूळ शब्द जसेच्या तसे उतरून पाठवावे. आणि हिजरी सालाबरोबर चंद्र दिला असेल तर तोही लिहावा.