माळ कोणाचा?

शिरूर-दौंडचे माळ पर्जन्यछायेतले. सरकारी दप्तराने असल्या जमिनीला पडीक म्हटले. पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट ही संस्था सांगते की गवताळ माळ पडीक नव्हे; लांडगा, खोकड, चिंकारा यांचे ते घर आहे. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली झालेले मयूरेश्वर अभयारण्य असाच चिंकाऱ्याचा माळ राखते. संस्थेचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मला ते मान्य आहे.

माझा आक्षेप शब्दांना आहे. 'पडीक' आणि 'नैसर्गिक' हे शब्द एकमेकांविरुद्ध उभे दिसतात. पण माळावर जगणारा माणूस दोहोंतही नाही. आपल्या निसर्गलेखनात धनगर येतो तो बहुधा चित्रातल्या रंगापुरता. फासेपारधी येतो तो शिकारी म्हणून. त्याला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ पर्यंत होता, हे सांगायचे राहून जाते. आणि गायरान कसणारा भूमिहीन दलित? तो 'अतिक्रमण' या एका शब्दात संपतो. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही १९६४-६५ च्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांची मागणी होती. तो इतिहास या लेखनाला ठाऊकच नसावा असे वाटते.

लांडग्याच्या घराला आमचा विरोध नाही. पण माळाच्या नकाशावर घरट्यांबरोबर पालेही दाखवा, आणि माळ राखायचे ठरवताना पालातल्या माणसाला बैठकीत बसवा. त्याच्यावाचून झालेले रक्षण आम्हाला नवे कुंपणच वाटेल.