कचऱ्याचा डोंगर आणि पुढाऱ्यांची भाषा

शहराच्या वेशीवर जो धोका साचतो, तो केवळ व्यवस्थापनाचा प्रश्न आहे अशी भाषा आपल्या स्थानिक पुढाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. देवनारच्या कचराभूमीच्या संदर्भात ही भाषा तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण भाषा प्रश्न झाकूनही ठेवते.

१९२७ हे वर्ष आपल्याला महाडच्या चवदार तळ्याने ठाऊक. देवनारची कचराभूमीही त्याच वर्षाची. तिकडे सार्वजनिक पाण्यावर माणसाचा हक्क सांगितला जात होता. इकडे आधुनिक नगर आपले नवे गावकूस आखीत होते. हा योगायोगच, पण पुढे जे घडले तो योगायोग नव्हे. शहरातून उठविलेल्या वस्त्या १९७० नंतर याच परिसरात आणून टाकल्या गेल्या. दलित, मुसलमान, भटके असे सारे कष्टकरी कचऱ्याच्या शेजारी आपखुशीने राहायला गेले नाहीत. त्यांची जागा व्यवस्थेने ठरविली.

पुढाऱ्यांची पहिली भूमिका बंदोबस्ताची. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले, धूर शहरावर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा बोट दाखविले गेले ते कचरा वेचणाऱ्यांकडे. उपाय सुचले ते भिंत, पहारा आणि कॅमेरे. वस्तुतः ओला-सुका कचरा एकत्र रचला की तो आतल्या आत कुजून मिथेन वायू तयार होतो. मग ठिणगी कोणाची, हा प्रश्न दुय्यम ठरतो. २००० च्या घनकचरा नियमांनी प्रक्रिया-केंद्रे उभारण्यास ३१ डिसेंबर २००३ ही मुदत घातली होती. ती टळली, याचा जाब पाठीवर गोणी घेतलेल्या बाईला विचारायचा काय?

दुसरी भूमिका 'येथून हलवा' अशी. ती ऐकायला लढाऊ वाटते. परंतु हलवून कोणाच्या दारात टाकणार? एका वेशीवरून दुसऱ्या वेशीवर गेलेला कचरा अन्यायाचे फक्त नाव बदलतो.

तिसरी भूमिका विकासाची. २०२४ मध्ये शासनाने धारावी पुनर्विकासासाठी देवनारची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचे ठरविले. धारावीत अपात्र ठरणाऱ्यांची घरे तेथे व्हावीत, असा बेत! ज्या भूमीवर सुमारे १८५ लाख टन जुना कचरा असल्याचे महापालिकाच मोजते, तेथे कोणाला पाठवायचे हे आधीच ठरलेले असते. पात्र-अपात्र हे शब्द कारकुनी दिसतात; त्यांच्या पोटात जुनीच शिवाशिव आहे.

आपल्या चळवळीतील पुढाऱ्यांनाही यातून सूट नाही. पट्टे, ठेके, समाजमंदिर यांच्या मागण्या रास्त असतील. पण शहर आपली घाण कोणाच्या छातीवर ठेवते, हा मूळ प्रश्न त्यांनी क्वचितच धसाला लावला. दलित साहित्याने उकिरडा आणि गटार कागदावर आणले. समीक्षेने त्याला 'दाहक अनुभव' म्हणून गौरविले आणि तेथेच थांबली. अनुभवातून मागणी निघाली पाहिजे. जेथे निर्माण होतो तेथेच कचऱ्याचे वर्गीकरण, वेचणाऱ्यांना कामगाराचा दर्जा आणि वस्तीच्या संमतीवाचून एकही प्रकल्प नको, ही ती मागणी होय.

धोक्याचे व्यवस्थापन तज्ज्ञ करतील. धोक्याची वाटणी कोणी केली, हे विचारणे मात्र आपले काम आहे.