वय मोजलं, दुखणं मोजलं. सांभाळ मोजायचा राहिला

'ज्येष्ठ कर्मचाऱ्यांसाठी लवचिक काम' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पुण्यातलं ऑफिस, घरी उघडलेला लॅपटॉप? माझ्या विषयातलं बरंचसं लेखनही तिथेच अडकलंय. पण नेवासा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई वर्ग घरून कसा भरवणार? त्यांच्यासाठी लवचिकता म्हणजे दोनच गोष्टी: रजा कशासाठी मिळते आणि शाळा कुठली मिळते.

आधी रजा. राज्य सरकारने 2018 मध्ये 180 दिवसांची बालसंगोपन रजा आणली, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. निर्णय चांगलाच. पण पंचावन्नाव्या वर्षी मुलं मोठी झालेली असतात आणि सासूबाई अंथरुणावर. त्यांच्यासाठी अशी वेगळी रजा नाही. उन्हाळी-दिवाळी सुट्टी असल्यामुळे शिक्षकांकडे अर्जित रजाही फारशी साठत नाही. नेवासा फाट्यावरून पेशंटला घेऊन नगर किंवा संभाजीनगर गाठायचं, तर अख्खा दिवस जातो.

आता बदली. बदली धोरणात 'विशेष संवर्ग भाग 1' आहे. त्यात 53 वर्षं पूर्ण झालेले शिक्षक येतात, ठरावीक गंभीर आजार असलेले येतात, दिव्यांग मुलांचे पालक येतात. आजारी आईवडील सांभाळणाऱ्यांचा वेगळा रकाना नाही. म्हणजे 53 वर्षांच्या, घरी कसलीच जबाबदारी नसलेल्या गुरुजींना सवलत. 48 वर्षांच्या, दोन म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाईंना नाही. वयाची सवलत काढा, असं मी म्हणत नाही. पण वय आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धोरणाने ओळखलेलंच नाही.

आणि हा भार कुणावर पडतो? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांची काळजी घेणाऱ्या 15 ते 59 वयाच्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 140 मिनिटं देतात, पुरुष 74.

गंमत बघा. 2007 च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह ही मुलांची जबाबदारी ठरवली. त्यांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. कर्तव्य कायद्यात आलं, त्यासाठी लागणारा वेळ सेवानियमांत आला नाही. जपानमध्ये प्रत्येक आजारी कुटुंबीयामागे 93 दिवसांची रजा घेता येते. आपल्याकडे निदान बदलीच्या अर्जात एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? त्याला पैसाही लागत नाही.