नव्या राजवाड्यातले वाघ आणि एक राजा

बेळगाव-निपाणीकडून कोल्हापूरला जाणाऱ्या घरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, जमले तर जोतिबा, आणि परतताना मुलांच्या हट्टाखातर न्यू पॅलेस. घरी आल्यावर मुलांना काय पाहिले म्हणून विचारावे, तर उत्तर एकच : वाघ!

यात मुलांचा दोष नाही. श्री शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेले वाघ, अस्वले, रानकुत्री आणि भिंतींवरची मुंडकी यांनीच डोळे भरून जातात. पोशाख, शस्त्रे, दागिने, हत्तीचा साज सारे आहे. पण ध्यानात राहतात ते वाघाच्या पंजाचे ॲश-ट्रे आणि हत्तीच्या पायाचे टेबल. असल्या टेबलावर चहाची कपबशी ठेवण्याची कल्पनाच आमच्या गळी उतरत नाही. असो. त्या काळच्या राजेलोकांचा तो षोक होता, आणि तो लपवून ठेवला नाही हे एका परीने बरेच झाले.

इमारत मात्र निवांत पाहण्याजोगी. मेजर चार्ल्स मँट या वास्तुकाराने ती योजली आणि १८७७ ते १८८४ या काळात ती उभी राहिली. गुजरात-राजस्थानकडची घडण, जैन मंदिरांची नक्षी, आपल्याकडचा वाडा आणि मधोमध विलायती घड्याळाचा मनोरा! कागदावर ही खिचडी वाटेल. पण काळ्या घडीव दगडाने तिला एकजीव केले आहे. दरबार हॉलमध्ये रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. विलायतेतल्या चर्चमध्ये जिथे संत असायचे, तिथे शिवचरित्रातले प्रसंग आहेत. बडोद्याचा लक्ष्मीविलासही मँटचाच. त्याच्या गणितात आपण चुकलो या धसक्याने तो खचला, अशी आख्यायिका आहे. १८८१ साली तो वारला. दोन्ही वास्तू अजून खंबीर उभ्या आहेत.

पण ज्या राजाच्या कारकिर्दीत हा वाडा चढत होता, त्याला तो लाभला नाही. दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तिथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय जेमतेम विशीचे. त्यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली होती. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले गेले ती कोर्टात बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. लोकमान्यांचे नाव मिरवणाऱ्या टिळकवाडीतून आपण निघतो, आणि त्यांच्या पहिल्या तुरुंगवासाचे कारण जिथे उभे आहे तिथून वाघ पाहून परततो!

पुढे मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंत दत्तक आला. तेच शाहू महाराज. १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणलेल्या माणसाला चहाचे दुकान घालून दिले आणि तिथला चहा सर्वांदेखत स्वतः प्याले. महाराज शिकारीही होते, पट्टीचे होते. तेवढेच पदरात पडले तर मात्र फेरी फुकट गेली म्हणायची. कन्नड शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांना ही हकिगत पुस्तकात भेटण्याचा संभव कमी. तेव्हा निपाणी ते कागल या टप्प्यात आज्जा-आज्जीनेच ती सांगावी. वाघ दिसल्यावर मग कोण ऐकतो?

तासभर हाताशी असेल तर टाऊन हॉलही करावा. तीही मँटचीच वास्तू आणि तिथेही वस्तुसंग्रहालयच. शिकारीचा थाट नाही, गर्दी नाही. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खननात निघालेल्या वस्तू तिथे आहेत. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, तळहातावर मावेल एवढा, ब्राँझचा. पंचगंगेच्या काठी तो सातवाहनांच्या काळात आला, व्यापाऱ्यांबरोबर.