पडलेला उंदीर

प्लेग म्हटले की मराठी माणसाला पहिल्याने रँड आठवतो. इतिहासाच्या तासाला मी हे दरवर्षी पाहतो. १८९७ साली पुण्यात काय घडले, असे विचारताच निम्म्या वर्गाचे हात वर होतात आणि चापेकर बंधू, गणेशखिंड, २२ जून ही उत्तरे भराभर येतात. त्या साली माणसे कशाने मेली, मरताना त्यांच्यापाशी कोण होते, असे विचारले की हात खाली जातात. मुलांचा यात दोष नाही. आपण त्यांना जे दिले तेच ती परत देतात. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटाचे नावसुद्धा '२२ जून १८९७' असेच आहे. तो चित्रपट मला आवडतो आणि माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. तक्रार आहे ती अशी की, साथीचे वाङ्मय म्हणून आपण जे मिरवतो ते बव्हंशी साथीच्या निमित्ताने घडलेल्या दुसऱ्याच गोष्टीचे वाङ्मय आहे.

रँडच्या कमिटीने केले ते विसरण्याजोगे नव्हते, हे कोण नाकारील? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चपासून गोरे सोजीर पुण्यातल्या घराघरांत शिरले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. संतापाला कारण होतेच. पण लेखकाने संतापापाशी थांबायचे नसते. सोजीर घरात शोधत होते ते आजारी माणसाला; आणि रोग होता उंदरांत. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाकडे आणते, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. तेही पुढे कित्येक वर्षे शहाण्यांना पटेना. आता गंमत अशी की, आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, पोरेबाळे घ्यायची आणि माळावर झोपडी घालून राहायचे, हा त्यांचा शिरस्ता होऊन गेला. 'उंदीर पडला' या दोन शब्दांत एक संपूर्ण रोगनिदान होते. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते, म्हणून ते कोणी पुस्तकात नेलेही नाही.

२०२० च्या टाळेबंदीत माझ्या ओळखीच्या बहुतेक वाचकांनी कपाटातून काढली ती कामूची 'प्लेग'. १९४७ ची ही कादंबरी घडते ओरान शहरात, आणि तिची सुरुवात होते जिन्यात पडलेल्या एका मेलेल्या उंदरापासून! कामूविषयी मला आदर आहे. पण ज्या उंदरासाठी आम्ही ओरानला गेलो तो आमच्या पणजीच्या माजघरात पडला होता, एवढे तरी ध्यानात यायला हवे होते.

आपल्याकडे कोणी लिहिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त नगरचा प्लेग येतो तो घरातल्या इतर विवंचनांच्या पंगतीत बसून येतो. बाई त्याला वेगळा पाट मांडीत नाहीत. हरिभाऊ आपट्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' लिहून दुष्काळाला एक माणूस मिळवून दिला. ती गोष्ट वाचल्यावर दुष्काळ हा आकडा राहत नाही. प्लेगला असा माणूस मिळाला नाही. मिळण्यासारखी माणसे नव्हती असे थोडेच आहे? मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या, असे सांगतात. त्याच रोगाने १० मार्च १८९७ ला त्यांचा अंत झाला. या तारखेला वर्गात एकही हात वर होत नाही.

याहूनही मला सलते ती गोखल्यांची हकीकत. १८९७ च्या उन्हाळ्यात गोपाळराव विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रातून सोजिरांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पुढे येऊन सांगायला कोणी तयार होईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि पुढे बराच काळ ती त्यांना चिकटून राहिली. पंडिता रमाबाईंनीही त्याच साली प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल लिहिले होते. सरकारने ते खोडून काढले. कोणत्या घरची बाई कोर्टात उभी राहून हे सांगणार होती? राजकारणी पुरुषाला साक्षीदार आणावा लागतो. कादंबरीकाराला लागत नाही. नाव न घेता, घर न दाखविता, त्या माजघरात काय झाले असेल हे सांगण्याची मुभा साऱ्या समाजात एकट्या त्यालाच असते. ती आपण वापरली नाही. रँडला गोळी लागली, हिशेब फिटला, असे मानून आपण वही मिटली.

गोळी घालायला कोणी नसले म्हणजे काय होते, ते १९१८ ने दाखविले. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीला आपल्या लोकांनी 'मानमोडी' असे नेमके नाव दिले. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून किती तरी अधिक माणसे नेली. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. प्लेगने वर्षानुवर्षे केले ते तिने काही महिन्यांत केले. आणि आपल्या वाङ्मयात? माझ्या आजीच्या तोंडी 'अमका मानमोडीच्या सालातला' एवढे होते. एवढा मोठा संहार कालगणनेची एक खूण होऊन राहिला. खलनायक नाही, म्हणून कथानक नाही. कथानक नाही, म्हणून आठवण नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सरकारने कपाटातून काढला तो १८९७ चाच कायदा. कायदा जपून ठेवलेला होता, त्याखाली काय भोगले गेले ते मात्र जपलेले नव्हते. १८९६-९७ च्या हिवाळ्यात निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती. भ्यालेला मजूर पहिल्याने गावाची वाट धरतो, हे तेव्हाच दिसले होते. तरी २०२० मध्ये गाड्या बंद झाल्यावर मजूर पायी निघाले, तेव्हा आम्ही सगळे चकित झालो. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले.

हे सारे दुसऱ्यांना सुनावण्याचा मला फारसा अधिकार नाही. त्या वर्षावर मीही एक कादंबरी लिहायला घेतली होती. दीडशे पाने झाल्यावर वाचून पाहिली, तर मध्यभागी एक उर्मट अधिकारी बसलेला! मीही माझा रँड शोधून काढला होता. वाचक त्याच्यावर मनसोक्त रागावला असता आणि पुस्तक खपलेही असते. पण त्या दीडशे पानांत एक गोष्ट नव्हती. सप्टेंबरात आईला ताप आला होता. दारात आशाताई वही घेऊन उभ्या राहिल्या. घरात कुणाला ताप, खोकला? मी म्हणालो, "नाही, सगळे ठीक आहेत." तीन दिवस हेच म्हणालो. आईला नेतील, पुन्हा दिसणार नाही, दारावर कागद चिकटेल, गल्ली बोलेल, हे सारे मनात होते. आई बरी झाली. शेजारच्या घरातले आजोबा पुढल्या आठवड्यात गेले. आमच्यामुळे गेले की कसे, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि मी कोणाला विचारलेलेही नाही.

पुण्यातल्या वाड्यांतही रोगी असेच लपवीत. सोजिरांच्या भीतीने लपवीत, इस्पितळाच्या भीतीने लपवीत, जातीच्या भीतीने लपवीत. लपविणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले एखादे जुने प्रकरण मी वाचलेले असते, तर दारात उभे राहून काय बोललो असतो? कदाचित तेच. पण आशाताईंच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणे मग इतके सोपे गेले नसते.

ती दीडशे पाने मी बाजूला ठेवली आहेत. नव्या वहीत अधिकारी नाही. पहिल्या पानावर दार वाजते.